आधी हजर तो खरा

ऑफिसात सगळे त्यांना कुलूपकाका म्हणत. त्यांची कंपनी प्रयोगशाळांना रक्ततपासणीचा अख्खा कॉम्प्युटर एका फाइलमध्ये भरून पाठवायची. फाइल उघडली की कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर सुरू. सोय मोठी, पण शेवटी ती फाइलच. कुणीही नक्कल करावी आणि फुकटात चालवावी. त्यावर काकांनी कुलूप बसवलं होतं. रोज सकाळी सुरू होताच अशा प्रत्येक मशीनने आपला नंबर सांगून कंपनीकडे हजेरी लावायची. एकाच नंबराची दोन मशिनं आली, तर आधी आलेलं खरं, मागून आलेलं चोर. चोर जागच्या जागी बंद. सात वर्षांत एकदाही चूक नाही, हे काका जरा जास्तच वेळा ऐकवत.

तर एका सकाळी एका जुन्या प्रयोगशाळेचं मशीन चोर ठरलं. मालकांनी चौदा वर्षं तिथे काम करणाऱ्या बाईंना घरी बसवलं, कारण मशीन त्यांच्याच ताब्यात असायचं. बाईंनी काकांना तीनदा फोन केला, मी कसलीच नक्कल केलेली नाही म्हणून. काकांनी तिन्ही वेळा गोड आवाजात सांगितलं की कुलूप खोटं बोलत नाही.

घरी जेवताना त्यांनी हे बायकोलाही रंगवून सांगितलं. ती म्हणाली, "उशिरा आली म्हणून चोर? एखादीला होतो उशीर."

काका चिडले. तिला यातलं काय कळतंय, असं म्हणून ताटावरून उठले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी हजेरीची नोंद काढलीच. प्रयोगशाळेचं मशीन एरवी आठला हजर व्हायचं. त्या दिवशी पावणेदहाला. त्या भागातली वीज गेली होती. आणि बरोबर आठला त्याच नंबराने परगावच्या एका दवाखान्यातून पहिल्यांदाच हजेरी लागली होती. चौकशीत कळलं, महिन्यापूर्वी प्रयोगशाळेने दुरुस्तीला दिलेल्या डिस्कवरून कुणीतरी नक्कल उचलली होती. त्यांच्या कुलपाने चोराला मानाने आत घेऊन घरच्या माणसाला बाहेर काढलं होतं.

त्यांनी नियम बदलला: दोन आली तर बंद कुणालाच करायचं नाही, आधी विचारायचं. मग माफीचं पत्र लिहिलं, एक प्रत मालकांना पाठवली आणि दुसरी घेऊन स्वतः बाईंच्या घरी गेले.

बाईंनी दारातच पत्र दोनदा वाचलं.

"कुलूप चुकलं, समजलं," त्या म्हणाल्या. "पण मी फोन करत होते, तेव्हा तुम्हाला काय वाटत होतं?"

खोटं बोलायची सोय होती. काकांना ते जमलं नाही.

"तुम्हीच चोर, असं."

बाईंनी पत्राची नीट घडी घातली.

"मालकांचा फोन येऊन गेला. वाईट वाटलं म्हणाले. पण सोमवारपासून माझ्या जागेवर दुसरी आली आहे, आता तिला कसं काढणार म्हणतात."

त्यांनी काकांना पाणी विचारलं. काका नको म्हणाले आणि तसेच उभे राहिले.