मेमरी कार्डवर हलवलेली खोली

निघाले त्या सकाळी वरळीच्या बीडीडी चाळीतल्या आमच्या पॅसेजची दोन्ही बाजूंची दारं उघडी होती आणि प्रत्येक दारात कुणी ना कुणी उभं होतं. बाबांनी बॅग उचलली. आई म्हणाली, "पोचलीस की आधी फोन कर, मग जेव." डब्लिनला येऊन आता सहा वर्षं झाली. तेवढ्या काळात आई गेली, चाळ पाडली, बाबा तिथल्याच टॉवरमध्ये अठराव्या मजल्यावर राहायला गेले. चाळकऱ्यांनो, तुमच्यापैकी जे तिथंच राहिले आणि जे माझ्यासारखे उडाले, त्या सगळ्यांसाठी हे लिहितेय.

जायच्या आधी महिनाभर मी घरीच होते. तेव्हा बाबांच्या फोनवर, ठोकळे रचायच्या एका गेममध्ये, मी आमची खोली पॅसेजसकट बांधली होती. आई मागे उभी राहून हुकूम सोडायची, "मोरी एवढी मोठी कुठाय गं आपली? बारीक कर." तिच्या शब्दावर उभी राहिलेली तेवढी एकच खोली आता उरली होती. बाबा रोज तिथं चक्कर मारायचे.

या मार्चमध्ये त्यांचा फोन भरला. मी इथं कंपनीचे सर्व्हर सांभाळते, त्यामुळे शहाणपणा शिकवायला मला वेळ लागत नाही. व्हिडिओ कॉलवर बाबांना सांगितलं, सेटिंगमध्ये जाऊन गेमची साठवायची जागा मेमरी कार्ड करा. त्यांनी केली, गेम उघडला. यादी रिकामी.

"अगं, आपली खोलीच नाही इथं."

मी घाबरून म्हणाले, "गेम काढून टाका आणि परत घ्या."

"थांब." बाबांचं आयुष्य शिवडीच्या गोदामात गेलं. "नव्या गोदामात माल डोळ्यांनी बघितल्याशिवाय आम्ही जुनं सोडत नव्हतो. आधी जुन्या जागेत बघू दे."

त्यांनी सेटिंग पूर्वीसारखं केलं. खोली जागच्या जागी होती. गेम नुसता दुसरीकडे शोधत होता, सामान कुणी हलवलंच नव्हतं. गेम काढला असता तर त्याच्याबरोबर आईची खोली माझ्या हातून गेली असती. मी कॉलवरच रडले.

"रडतेस काय? पुढं सांग."

मग गेममधूनच त्या खोलीची फाइल बाहेर काढली, कार्डवर नेऊन उघडली. बाबा मोरीपर्यंत फिरून आले, तेव्हा कुठे जुनी पुसली. एक प्रत माझ्या फोनवरही आली.

प्रत घेतली की दोन्ही घरं हळूहळू वेगळी होत जातात, हे मला तेव्हा सुचलं नाही. बाबा गेममधल्या खिडकीत दिवा लावतात, माझ्याकडे अंधार. म्हणून दर रविवारी दुपारी आम्ही फोनवर दोन्ही खोल्या जुळवून घेतो. घर कुठलं, असं इथं कुणी विचारलं की मला हल्ली तो तासच आठवतो.

गेल्या रविवारी बाबांच्या खोलीच्या दाराबाहेर नवीन खुर्ची दिसली.

"ही कुणाला?"

"तुला. आलीस की बसशील."

मी माझ्याकडच्या दाराबाहेर दोन ठेवल्या आणि म्हणाले, "बाबा, तुमच्याकडे एक कमी आहे."