हात धुऊन न उतरलेली कावीळ

"कावीळ ही नुसती खूण आहे. खरा आजार म्हणजे तुमच्या पित्तनळीत अडकलेला खडा," वर्ध्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई सोनोग्राफी बघून म्हणाल्या. "याला ऑब्स्ट्रक्टिव्ह जॉन्डिस म्हणतात." म्हणजे वाट अडली की पित्त रक्तात चढतं. माझे डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली, ते त्यामुळेच.

कारंज्यात माझा संत्र्यांचा व्यापार, ऐन हंगाम. मी आठ दिवस मागितले.

"परवा दाखल व्हा. मधे थंडी वाजून ताप आला तर तेवढंही थांबू नका."

घरी माझे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ, अडून बसले, नवऱ्याला म्हणाले, "इचं पोट फाडतीन ते! हात धुऊन कावीळ उतरवते ना, त्या बाबाकडे घेऊन चाल इले." दुसऱ्या दिवशी मला गाडीत घातलंच.

बाबाने माझ्या हातांना आंब्याच्या सालीचा रस लावला, चुना चोळला, पाणी ओतलं. परातीत पिवळंधमक पाणी!

"पाहा, उतरून राह्यली!" भासरे म्हणाले.

ढिगाच्या वरचं संत्रं पाहून मी कधी सौदा केलेला नाही. मी भासऱ्यांकडे बोट दाखवलं. "बाबा, आता यायचे हात धुवा."

"त्याईले काय झालं?"

"काईच नाई. म्हणूनच धुवा."

बाबा टाळू लागला. मी आवाज चढवला, माणसं गोळा झाली. भासऱ्यांनीच तावातावाने हात पुढे केले. बाबाला तोच रस, तोच चुना लावावा लागला. पाणी तितकंच पिवळं.

"भाऊजी, तुमाले कधीपासून हाय कावीळ?"

रांगेतली एक म्हातारी फिसकन हसली.

त्याच संध्याकाळी मला हुडहुडी भरून ताप चढला. कुणाला विचारत बसले नाही. नवऱ्याला म्हटलं, "गाडी काढा, वर्ध्याले चाला." नळीत पू झाला होता. रात्रीच ईआरसीपी केली, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून खडा काढला. पोटावर एक चीर नाही. हळूहळू डोळ्यांचा पिवळेपणा गेला. उशीर केला असता तर वाचला नसतात, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

तुमच्या घरी कुणी पिवळं पडलं तर आधी रक्त तपासा, सोनोग्राफी करा. काही कावीळ आपोआपही बरी होते, श्रेय मात्र हात धुणारा घेतो.

भासरे अजून नातेवाइकांत सांगतात, बाबाच्या हातगुणाने वाचली. परवा एका लग्नाच्या पंगतीत मी सगळ्यांदेखत विचारलं, "मंग त्याच संध्याकाळी ताप काऊन आला मले?" त्यांनी वाढप्याला हाक मारून भात मागितला. हा राग मी सोडणार नाही. भांडायला जिवंत आहे, ते काय कमी आहे?