नवसाची दुसरी बाटली

व्हिस्कीत पाणी कुठलं घालावं यावर मी आणि माझे भावोजी दोन वर्षं भांडलो. सोडा आमच्या गावात मिळत नव्हता, आणि मिळता तरी भावोजींनी तो पेल्याजवळ येऊ दिला नसता. घरच्या विहिरीच्या पाण्याला पाचोळ्याचा वास. समुद्राकडची विहीर मचूळ. देवळाची विहीर उत्तम, पण देवळातलं पाणी व्हिस्कीत घातलं असतं तर आक्काने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, आम्हा दोघांना एकाच दिवशी घराबाहेर काढलं असतं. शेवटी पाणी ठरलं ते भावोजींच्या काजूच्या बागेतल्या झरीचं. ही झरी राखणदाराच्या दगडाशेजारून वाहते. राखणदार म्हणजे गावाची सीमा सांभाळणारा. त्याला मूर्ती नाही, देऊळ नाही, झाडाखाली नुसता उभा दगड. पाणी त्याच्या दारातलं, म्हणून भावोजी पहिला थेंब बोटाने जमिनीवर उडवत आणि मगच पेला नाकाशी नेत.

मी बोटीवर स्टुअर्ड होतो. गोऱ्या उतारूंचे पेले भरण्यात आणि उरलेलं हुंगण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. गुडघा कामातून गेल्यावर, एकोणीसशे पन्नासनंतर लवकरच, मी रेडीच्या अलीकडच्या आमच्या गावी परतलो. लग्न केलेलं नव्हतं. आक्काच्या घराला लागून दोन खोल्या होत्या, तिथे राहिलो, आणि जेवायला तिच्याकडे. गावात तेव्हा दारूबंदी होती. खाडी ओलांडली की पोर्तुगिजांचा मुलूख आणि तिथे हवी ती स्कॉच. अलीकडे बाटली बाळगायची तर डॉक्टरच्या दाखल्यावर परमिट. माझ्या गुडघ्याने तेवढं एक काम चोख केलं. रेडीला खनिज न्यायला येणाऱ्या बोटींवर माझे जुने सोबती असत. परमिटात काय लिहिलं होतं आणि कपाटात काय होतं याचा ताळमेळ कुणी घातला नाही, मीही नाही.

भावोजी आंब्या-काजूचा व्यापार करत. माणूस कमी बोलणारा, पण नाक असं की आंब्याची अढी न उघडता, खोलीच्या दारात उभं राहून सांगत, "डावीकडच्या कोनशाक एक कुसलोहा, काढा तो." तो तिथेच सापडे. पिण्याची त्यांना हौस नव्हती. हौस होती ती ओळखण्याची. मी आल्यावर त्यांच्या नाकाला आंब्यापलीकडचा प्रांत मिळाला, आणि मला बोटीवर कधी न मिळालेला जोडीदार.

रविवारी संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, आम्ही पडवीत बसायचो. चहाचे पातळ काचेचे पेले, तळाला एकाच्या लाल दोरा, दुसऱ्याच्या पांढरा. एकाने आत जाऊन ओतायचं, दुसऱ्याने बाहेर ओळखायचं. तोंडात टाकायला काही नाही. तळलेल्या मासळीला भावोजींची सक्त मनाई होती. "बांगडो खावचो आसात तर जेवणार खा, हंय नाक बाटवू नको," म्हणत. दोन पेल्यांच्या मधे ते मूठभर कच्चे तांदूळ हुंगायचे. त्याने नाक धुवून निघतं असं त्यांचं म्हणणं. मी हसायचो, आणि महिन्याभरात मीही मुठीत तांदूळ घेऊन बसू लागलो. आक्का आतून म्हणायची, "सोरो पितत आणि तांदूळ हुंगतत. लोक काय म्हणतीत?"

पुष्कळ बाटल्या आल्या-गेल्या. एकीला उसाच्या चुलवणाचा वास, एकीला नव्या काथ्याचा. एक तर शुद्ध औषध होती, ती आम्ही गुडघ्याला चोळून संपवली. टिकल्या दोन. एक धुराची. तिच्यात ओल्या सोडणांचा, म्हणजे नारळाच्या सालांचा, धूर होता आणि मागून मिठागरावरचा वारा. ही भावोजींची. दुसरी मनुक्यांची, जड, गोड, जिभेवर बराच वेळ बसून राहणारी. ही माझी. कोणती श्रेष्ठ याचा निकाल कधी लागला नाही. दोन्हींच्या एकेक उघड्या बाटल्या रविवारसाठी होत्या, आणि एकेक सीलबंद बाटली माझ्या कपाटात राखून ठेवली होती. कशासाठी, ते ठरलेलं नव्हतं. चांगली वस्तू दिसली की माणूस ती कशासाठी तरी राखून ठेवतो.

आणखी एक रीत होती, चकव्याची. ओतणाऱ्याला वाटलं तर त्याने दोन्ही पेल्यांत एकच व्हिस्की ओतायची, आणि दुसऱ्याने ती चोरी पकडायची. मी सहा-सात वेळा फसलो असेन. भावोजी कधीच नाही. पेला ओठाला न लावताच ते माझ्याकडे बघत आणि म्हणत, "मेल्या, दोनय एकच."

मग फ्ल्यूची साथ आली. घरटी दोन-तीन माणसं अंथरुणाला. भावोजींचा ताप छातीत उतरला. डॉक्टर येऊन गेले आणि बाहेर माझ्याशी बोलताना पायांकडे बघत राहिले, तेव्हा मी समजलो. त्याच दुपारी आक्का भर पावसात काजूच्या बागेत गेली आणि राखणदाराला नवस बोलली: "हेंका आदी होते तशे कर. घरातली सगळ्यात बरी बाटली तुका दितंय." दारूचा वास आला की नाकाला पदर लावणारी माझी बहीण. राखणदाराला दारू चालते, किंबहुना तीच चालते. पण गावात सगळे माडाची किंवा काजूची देतात. स्कॉच बोलणारी हीच पहिली. राखणदाराला परमिट लागत नाही, एवढी एक सोय होती.

भावोजी वाचले. किती आनंद झाला हे सांगायला मला शब्द शोधावे लागत नाहीत, मी स्वयंपाकघरात जाऊन रडलो. हडकुळे झाले, काठी आली, पण भाद्रपदात पडवीत येऊन बसू लागले. आणि आक्काने नवसाचा विषय काढला.

"सगळ्यात बरी खंयची, ता तुमी दोघांनी ठरवा," ती म्हणाली. "पण खरा सांगा. त्येका फसवूचा नाय. हेंचो जीव त्येना परत दिलोहा."

यात थट्टेला जागा नव्हती. राखणदाराला बोललेली वस्तू कमी प्रतीची दिली तर तो दिलेलं परत घेतो, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. मी जग पाहिलेला माणूस, असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, पण भावोजींच्या जिवावर प्रयोग करून बघण्याइतका अविश्वासही नव्हता. चारचौघांसारखाच मी घाबरलो. दोन वर्षं न लागलेला निकाल आता खरोखर लावायचा होता.

मजा अशी की एरवी आपापल्या बाटलीचे पोवाडे गाणारे आम्ही दोघे एकदम उदार झालो. मी धुराचीची स्तुती करू लागलो. भावोजी म्हणू लागले की मनुक्यांचीला तोड नाही. जी श्रेष्ठ ठरेल ती दगडावर जाणार होती ना! आक्का दोघांकडे आळीपाळीने बघत होती. शेवटी ती म्हणाली, "पेले हाडा."

ओतायला मी आत गेलो. धुराचीची उघडी बाटली हातात घेतली आणि खाली ठेवली. इतक्या दिवसांनी भावोजी पेल्यासमोर बसले होते, त्यांचं ते "मेल्या" ऐकायची मला फार इच्छा झाली. लाल दोरा, पांढरा दोरा, दोन्हींत मी मनुक्यांचीच ओतली. चोरी पकडली की हसू, आणि मग खरी परीक्षा घेऊ, असा विचार होता.

भावोजींनी थेंब उडवला. तांदळांची मूठ नाकाशी धरली. लाल दोऱ्याचा पेला घेतला, डोळे मिटले, बराच वेळ हुंगला. मग पांढरा. मग पुन्हा लाल.

"ही धुराची," ते लाल दोऱ्याच्या पेल्याला म्हणाले. "सोडणांचो धूर, मागसून मिठागर. काय ती! आणि ही मनक्यांची. बरी आसा, पण जड. धुराचीच बरी. तीच राखणदाराक जावची."

समोर आक्का बसली होती. मी म्हणालो, "बरोबर," आणि पेले उचलून आत नेले. तिथे दोन्ही पुन्हा हुंगून पाहिले. धुराचा मागमूस नव्हता.

दुसऱ्या दिवशी झरीवर पाणी आणायला गेलो तेव्हा भावोजी काठी टेकत मागून आले.

"चकवो होतो ना?" त्यांनी विचारलं.

"होतो."

ते दगडाशेजारी बसले. "तापातसून उठलंय तेव्हापासून कसलोच वास येणा नाय. चुलीचो नाय, शेणाचो नाय, फुलांचो नाय. खारट-गोड कळता तितक्याच. तुझ्या भयणीक सांगू नको. 'आदी होते तशे कर' म्हणान तिना नवस केल्यान. मी बरो झालंय ह्यातच ती खुशी आसा. आता खोट कित्याक काढूची? काढली तर ती पुन्हा रातभर जागी रवात."

त्यांनी काल सांगितलेला वास मनातला होता, आठवणीतला, आणि तंतोतंत बरोबर होता. "आणि अढी?" मी विचारलं. ते म्हणाले, "वैशाखाक अजून येळ आसा." घडा भरून मी तो खांद्यावर घेतला, आणि आम्ही घरी आलो.

नवस फेडला तो दिवाळीनंतर, सकाळच्या उन्हात. गावकर आले होते. देवापुढे गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांच्या घराण्याचा. भाताची खळी चालू होती, तरी दहा-पंधरा माणसं जमली. कोंबडा होता, विडी होती, आणि केळीच्या पानावर धुराची सीलबंद बाटली. सील मीच तोडलं. गावकरांनी हात जोडले.

"बा राखणदारा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकरान तुका बोललली वस्तू आज तुझ्या पायाकडे हाडलीहा, ती मान्य करून घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. भावोजींचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

दगडावरून व्हिस्की खाली आली आणि ती अख्खी राई त्या वासाने भरून गेली. माडाच्या दारूला सरावलेली माणसं एकमेकांकडे बघू लागली. कुणीतरी म्हणालं, "खंय तरी सोडणा जळतत काय?" भावोजींनी मान हलवली, श्वास आत ओढला आणि समाधानाने सोडला. ते मला बघवलं नाही.

गावकरांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "आणि काय सांगणा आसा?"

"आसा," आक्का म्हणाली. ती पुढे आली, पदर नाकाला नव्हता. "त्येका सांगा, बाकी सगळा दिलंस, पण हेंचा नाक तुझ्याकडेच रवला. ता परत दी. दुसरी बाटली कपाटात आसा, नाक इला की ती दितंय."

भावोजी तिच्याकडे बघतच राहिले. तिला कधी कळलं, ते तिने परत येताना वाटेत सांगितलं. एकदा दूध उतू जाऊन करपलं तरी भावोजी चुलीशेजारी बसून पाय शेकत होते. मग तिने खात्री करून घेतली. एक दिवस बांगड्याच्या तिखल्यात उग्र वासाची तिरफळं घातली, दुसऱ्या दिवशी घातली नाहीत. तिरफळांशिवाय तिखला म्हणजे आमच्याकडे पाप. दोन्ही दिवशी हे "झकास" म्हणाले. पेल्यांना दोरे बांधून आम्ही जे करायचो तेच तिने बांगड्यांवर केलं होतं.

"माका कित्याक सांगलंस नाय?" भावोजींनी विचारलं.

"तुमी सांगलात?" ती म्हणाली.

कपाट माझं, बाटली माझी, मनुक्यांची, हे मला कुणी विचारलं नाही.

नाक परतलं तर बाटली जाणार होती, आणि बाटली राहिली तर नाक नाही. कपाट उघडलं की ती समोर दिसायची. वैशाखात अढी लावली तेव्हा भावोजी नेहमीसारखे दारात उभे राहिले, मग आत जाऊन एकेक आंबा हाताने चाचपू लागले. तेव्हापासून ते काम आक्काकडे गेलं. पुढे गोवा मोकळा झाला, नव्या नव्या बाटल्या येऊ लागल्या. रविवारची बैठक आम्ही मोडली नाही. भावोजी ओतायचे, मी हुंगायचो आणि मोठ्याने सांगायचो: हिला काथ्याचा वास, हिला भिजल्या मातीचा. ते तांदळांची मूठ नाकाशी धरून ऐकत आणि मान डोलवत. मधूनच पेला स्वतःच्या नाकाशी नेत, थांबत आणि खाली ठेवत. मी विचारत नसे.

साठचं दशक संपता संपता भावोजी गेले. तेराव्यानंतर आक्का माझ्या खोलीत आली, कपाटासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तुझी तुका रवली रे." आयुष्यात कुठलीही वस्तू हातची जावी असं मला इतकं मनापासून कधी वाटलं नव्हतं. ती बाटली एकदाची दगडावर रिती व्हावी म्हणून मी, विश्वास नसलेला माणूस, दर रविवारी झरीवर हात जोडले होते. सील अजून तसंच आहे.