तिसऱ्या अंकाची पाचशे बारा घरं

मंजुषाला जुन्या वस्तूंचा लळा वगैरे अजिबात नाही. लग्नातला शालू फाडून तिनं उशांचे अभ्रे शिवले, आणि सासूबाईंचा तांब्याचा बंब आला त्या भावाला मोडीत घातला. तरी आदिलाबादजवळच्या मावल्याच्या घरात, मागच्या खोलीत, तिचा एकोणीसशे ब्याण्णवचा संगणक अजून टेबलावर आहे. कारण इतकंच की तो चालतो. चालणारी वस्तू टाकायची कशाला? सून रश्मी शाळेत गणित शिकवते, तिला त्या जागी शिलाई मशीन हवंय. आठ वर्षं झाली, मशीन व्हरांड्यातच आहे.

यवतमाळहून बी.एस्सी. होऊन मंजुषा आदिलाबादला नांदायला आली तेव्हा नवऱ्याचं, पांडुरंगरावांचं, बाजारात भांड्यांचं दुकान होतं. घरात बसून वर्षभरात तिचं डोकं फिरलं. तिनं दुकानाचा रस्त्याकडचा अर्धा भाग मागून घेतला. मागून म्हणजे काय, एका रविवारी पातेल्यांची मांडणी आत ढकलली आणि पुढं टेबल टाकलं. गावात तेलुगू टायपिंगवाले पाच-सहा, उर्दू लिहून देणारे दोन, मराठीला कुणी नाही. मग तहसिलीतले अर्ज-दरखास्ती, लग्नपत्रिका, भजनी मंडळाच्या वह्या, सगळं तिच्याकडे येऊ लागलं.

संगणकाच्या पोटात एक वेगळं कार्ड बसवलेलं होतं. पडद्यावर मराठी उमटायची ती त्याच्या जिवावर. आणि आदिलाबादचा मे महिना काय असतो ते त्या कार्डाला कुणी सांगितलेलं नव्हतं. दुपारी दोनच्या सुमारास ते तापायचं आणि मराठी गुल. अक्षरांच्या जागी नुसत्या काठ्या, रेघा आणि चौकटी. मजकूर आत शाबूत, दिसायचा मात्र शेताच्या कुंपणासारखा. समोर गिऱ्हाइकं उभी, आणि कार्ड निवेपर्यंत थांबायचा धीर मंजुषाच्या अंगात कधीच नव्हता. तिनं कुंपणच वाचायला घेतलं. उभी काठी म्हणजे क. आडवी रेघ म्हणजे द. भरीव ठोकळा म्हणजे पहिली वेलांटी. दोन उन्हाळ्यांत ती ते वर्तमानपत्रासारखं वाचू लागली. बाईला भानामती येते, असं बाजारात बोललं जायचं. तिनं ते खोडून काढलं नाही, धंद्याला बरं होतं.

त्याच काळात ती आणखी एक गोष्ट शिकली. फ्लॉपी रुसली की तिचं पोट उघडून बघण्याचा एक प्रोग्राम असतो, डिस्क एडिटर म्हणतात. तो फाइल-बिईल मानत नाही. चकतीवर जे लिहिलंय ते खणामागून खण जसंच्या तसं समोर ठेवतो. एका खणात पाचशे बारा घरं, एका घरात एक अक्षर किंवा एक मात्रा. पडद्याच्या डाव्या बाजूला घरांचे आकडे, उजव्या बाजूला त्यांची चिन्हं. आकडा बदला, अक्षर बदललं. मंजुषाला हा प्रोग्राम पहिल्या दिवसापासून आवडला, कारण तो गोड बोलत नाही.

तर या जानेवारीत भीमपूरहून भगवंतराव आले. त्यांच्याच गावच्या सुधाकररावांच्या मोटारसायकलवर मागे बसून, कानाला मफलर गुंडाळून. भगवंतराव ऐंशीचे. आयुष्यभर कापूस आणि ज्वारी केली, पण पंचाण्णव साली त्यांनी एक तीन अंकी नाटकही केलं, स्वतः लिहिलेलं, ‘जावयाची बस’. एका गावात बस थांबत नाही, म्हणून गाव बसच्या कंडक्टरलाच जावई करून घेतं, अशी गोष्ट. एकच प्रयोग झाला, पण भीमपुरात अजून त्याचं नाव निघतं. कंडक्टर झाले होते सुधाकरराव, तेव्हा पंचवीस वर्षांचे. आता पोट सुटलंय, केस रंगवतात, आणि महाशिवरात्रीला प्रयोग पुन्हा करायचा गावानं ठरवलंय म्हटल्यावर कंडक्टर मीच करणार म्हणून अडून बसलेत.

अडचण तिसऱ्या अंकाची होती. नाटक टाइप केलं होतं मंजुषानं. पहिल्या दोन अंकांची छापील प्रत भगवंतरावांच्या पेटीत होती. तिसऱ्याची पानं ऐन वेळी नटांना वाटली आणि ती कुणाच्या चुलीत गेली कुणास ठाऊक. त्याच साली ते दुसऱ्या प्रयोगासाठी नवी प्रत मागायला आले होते, तेव्हा मंजुषानं फ्लॉपीला बुरशी लागली म्हणून सांगितलं. दुसरा प्रयोग झालाच नाही.

“ताई, तुमी त्या टायमाले बुरशी म्हनलं होतं,” भगवंतराव म्हणाले. “आता लय नव्या मशिना निघाल्या म्हन्ते. त्या बुरशीतून काई निघन का?”

तहसीलदाराच्या डोळ्याला डोळा भिडवणारी मंजुषा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागली. कारण बुरशी कधी लागलीच नव्हती. तिच्या फ्लॉप्या नवऱ्याच्या दुकानातल्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत असायच्या, तिथं बुरशी शिरणार कुठून? झालं होतं असं की लग्नसराईत कोऱ्या फ्लॉप्या संपल्या, एक पत्रिका तातडीची होती आणि जागा नव्हती. नाटक झालंय, छापून दिलंय, आता याचं काय काम, असं म्हणून तिनं तिसरा अंक पुसला. महिन्याभरात भगवंतराव दारात उभे. त्यांचा चेहरा बघून तोंडातून बुरशी निघून गेली, आणि एकदा निघाल्यावर तीस वर्षं तिथंच राहिली.

ती म्हणाली, चार दिवसांनी या. मनात हिशेब सरळ होता. अंक सापडला तर हातावर ठेवायचा आणि विषय संपवायचा. नाही सापडला तर मात्र खरं सांगावं लागणार होतं.

डबा माळ्यावर होता, फ्लॉपी डब्यात. मोठी, लवचीक, काळी. पहिल्यांदा तिनं कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावली, म्हणजे चुकूनही तिच्यावर काही लिहिलं जाऊ नये. ड्राइव्हचं डोकं स्पिरिटनं पुसलं. दोनदा कुरकुर झाली, तिसऱ्यांदा वाचली. तिची नक्कल काढून मंजुषा नकलेवर कामाला बसली. फाइल पुसली म्हणजे यंत्र फक्त यादीतलं नाव खोडतं, मजकुराला हात लावत नाही. त्या जागेवर दुसरं काही येऊन बसेपर्यंत तो तिथंच पडून असतो. यादीत अर्थातच अंकाचा पत्ता नव्हता. मग शोधायचं काय? ‘बस’ शोधायची. यंत्राच्या आकड्यांत इंग्रजी अक्षरंही येतात, बचा आकडा सी-ए, सचा डी-सात. तिनं ती जोडी दिली आणि बटण दाबलं.

कार्ड केव्हाच मेलेलं, त्यामुळे पडद्यावर कुंपणंच कुंपणं. रश्मीला शाळेला सुट्टी होती, तिला वही घेऊन शेजारी बसवलं. मंजुषा बोट ठेवून वाचत गेली, रश्मी लिहीत गेली.

“बस थांबली?” मंजुषा वाचत होती. “थांबली. इंजिन बंद केलं? केलं. मग जावयाला उठू देऊ नका. चहा गरम करत राहा, देऊ नका.”

रश्मी इतकी हसली की वही खाली पडली. तिनं विचारलं, आई, हे या रेघांमध्ये लिहिलंय? मंजुषा म्हणाली की नाही तर काय मी रचतेय.

खण एका ओळीत नव्हते. जागा मिळेल तिथं यंत्रानं अंक तीन ठिकाणी ठेवला होता. एकदा सासरा आधी झोपला आणि मग जेवला, तेव्हा रश्मीच्याच लक्षात आलं की तुकडे उलटे लागलेत. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकोणतीस खण जुळले. शेवटची ओळसुद्धा सापडली. राहिला तो पहिला खण, कंडक्टरच्या एन्ट्रीचं भाषण. त्याच्या पुढचा खण ‘तोवर घंटी माझ्या हातात आहे’ इथून सुरू होत होता. पहिल्या खणाच्या जागेवर मंजुषानं बोट ठेवलं आणि वाचायला लागली. आमच्या येथे श्रीकृपेकरून. पत्रिका नेमकी तिथंच बसली होती. मंजुषानं वराचं नाव वाचलं, पुन्हा वाचलं, आणि खुर्चीत मागे टेकली.

सगळं ऐकून रश्मीनं सुचवलं की खरं सांगायचं काही कारण नाही, एक भाषण बुरशीनं खाल्लं म्हणायचं, बाकी सगळं मिळालंच आहे. सल्ला सोयीचा होता. पण दोन दिवस मंजुषा त्या प्रोग्रामसमोर बसली होती. तिथं जे आहे ते आहे, जे नाही ते नाही. पुन्हा एकदा बुरशी म्हणायला तिची जीभ वळेना.

चौथ्या दिवशी दोघं आले. मंजुषानं चहाचीही वाट बघितली नाही. वही भगवंतरावांच्या हातात ठेवली आणि म्हणाली, “काका, बुरशी नव्हती. मी पुसला होता अंक. दुसऱ्याच्या कामाला जागा हवी होती म्हणून. आणि तुम्हाला खोटं सांगितलं.”

भगवंतरावांनी वही उघडली नाही. चष्मा काढला, मफलरनं पुसला.

“मले वाटे तुमाले नाटक पसंत नाई पडलं,” ते म्हणाले. “टाइप करता करता तुमीच तेवढं वाचलं होतं सारं. शिकलेली बाई. म्हटलं, तोंडावर सांगाचं जिवावर आलं म्हून बुरशी म्हन्ते. त्याच्या मांगं मी दुसरं लिहिलंच नाई.”

मंजुषाला असं काही येईल याची तयारी नव्हती. रागावणं तिला चाललं असतं. तिला जमेल तेच तिनं केलं, खरं सांगितलं. नाटक चांगलं आहे. दुसरा अंक लांबलाय, सरपंचाची बायको उगाचच तीनदा येते. तिसरा मात्र उत्तम, काल-परवा सासू-सून पोट धरून हसलो. आणि कुणाला आवडलं नाही म्हणून लिहिणं सोडायचं, हा निव्वळ बावळटपणा आहे.

“तीनदा येते?” भगवंतराव म्हणाले. “दोनदा.”

“तीनदा. मोजून बघा.”

तेवढ्यात सुधाकररावांनी वही ओढून पहिलं पान बघितलं आणि त्यांचं भाषण कुठाय म्हणून विचारलं. ते नाही म्हटल्यावर उठून उभे राहिले. ते भाषण मला झोपेतसुद्धा पाठ आहे, म्हणाले. छाती काढली, “मंडळी,” म्हणाले, आणि तिथंच थांबले. छताकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं. पुढं काही येईना.

“पन माह्यंच भाषन काऊन गेलं ताई? बाकी सारं सापडलं न. कोनाचं काम टाकलं होतं त्याच्यावर?”

मंजुषा त्यांना मागच्या खोलीत घेऊन गेली. पडद्यावर बोट ठेवून तिनं सावकाश वाचलं. आमच्या येथे श्रीकृपेकरून चिरंजीव सुधाकर आणि चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी पूनम यांचा शुभविवाह. भीमपूर. दुपारी बारा वाजून पाच मिनिटं. तातडीची पत्रिका.

भगवंतराव भिंत धरून हसायला लागले. तीस वर्षं ज्या चोराचा पत्ता नव्हता तो रोज समोरच्या ओट्यावर बसून चहा पितो म्हणाले. सुधाकरराव त्या काठ्या-चौकटींकडे एकटक बघत होते. यात पूनम कुठं लिहिलंय, असं त्यांनी हळूच विचारलं. मंजुषानं दाखवलं. त्यांनी मोबाइलवर त्या जागेचा फोटो काढला.

आता भोक बुजवायचं होतं. मंजुषाला अंक पुन्हा होता त्या जागेवर, होता तसा अखंड करायचा होता. जे तिनं पुसलं ते तिच्याच हातानं परत जायला हवं. तिनं भगवंतरावांना खुर्ची दिली आणि सांगितलं की भाषण नव्यानं सांगा, पाचशे बारा घरांत बसवा, आणि शेवट असा करा की पुढं ‘तोवर घंटी माझ्या हातात आहे’ लागेल. भगवंतराव डोळे मिटून सुरू झाले आणि शेवटापर्यंत थांबले नाहीत. रश्मीनं लिहून घेतलं. तिनं घरं मोजली, आठशे चाळीस.

“मंग वाढवा न घरं,” भगवंतराव म्हणाले.

“वाढत नाहीत. आधीचं भाषणही एवढंच होतं.”

“आधी मी जवान होतो, थोडक्यात आटपे.”

मग कापाकापी सुरू झाली. मायबापहो गेलं. बैलाची उपमा गेली, तिच्यावरून बरीच हुज्जत झाली. शेवटी उरलं ते थोडक्यात असं की मी सात वर्षं या रस्त्यावर घंटी वाजवतो, तुमचं गाव जवळ आलं की ड्रायव्हर वेग वाढवतो, कारण कागदावर इथं गावच नाही. आणि जोवर हे गाव कागदावर चढत नाही. एवढ्यावर खण पुढच्या खणाला भिडत होता. मंजुषा एकेक आकडा दाबत गेली आणि पडद्यावर सुधाकररावांचं लग्न एकेका घरानं पुसलं जात राहिलं. पाचशे नऊ झाले. तीन घरं उरली.

भगवंतरावांना तिथं आणखी एक शब्द घालायचा होता. सुधाकरराव मधे पडले.

“तीन घरं मले सोडा,” ते म्हणाले. “चढत नाही म्हनलं का मी थांबन. लोकायकडे पाहीन. मंग तोवर.”

भगवंतरावांनी तोंडातल्या तोंडात ते म्हणून बघितलं, मधे थांबून. मग मान हलवली. रिकाम्या घराचा आकडा वीस. मंजुषानं वीस, वीस, वीस दाबले आणि खण नकलेच्या चकतीवर उतरवला. ड्राइव्ह घरघरला आणि शांत झाला.

चहा झाला. सुधाकरराव बाहेर जाऊन गाडीला किक मारू लागले. भगवंतराव मात्र खुर्चीतच, मफलर हातात घेऊन.

“ताई, एका पुऱ्या फ्लॉपीत किती घरं राह्यते?”

“बारा लाख.”

मग त्यांनी रश्मीच्या हातातलं पेन मागून घेतलं आणि वहीचं मागचं कोरं पान उघडलं.