चादर घातली की बोलणं संपतं

माझ्या खांद्यावर चादर पडली तेव्हा मी खुर्चीत नीट टेकलेही नव्हते. पाठोपाठ हातात नारळ आला. अशोक गड्डम यांनी मोबाईलवर फोटो काढला, महादेवी बिराजदारनं टाळ्या वाजवल्या आणि दोघंही निघायला उठले.

"झालं?" मी विचारलं.

"झालं की मॅडम," गड्डम म्हणाले. "आता फोटो ग्रुपवर टाकायचा."

हे चाललं होतं सोलापुरातल्या एका कॉलेजच्या मीटिंग रूममध्ये. प्रसंग खोटा होता. मी कॉलेजची श्रीमंत माजी विद्यार्थिनी, आणि हे दोघं कॉलेजकडून मला भेटायला आलेले, असं रोल-प्ले करायचं ठरलं होतं. भेटीचा उद्देश मीच फळ्यावर लिहून दिला होता : देणगी मागणे. त्या दोघांनी मला माझं नावसुद्धा विचारलं नाही.

देणग्या मागायला शिकवणं हा माझा धंदा आहे. हे ऐकलं की लोक हसतात. यात शिकवायचं काय, हात पसरला की झालं, असं त्यांना वाटतं. मी जन्मानं सोलापूरची, पण नोकरीची सगळी वर्षं पुण्यातल्या एका संस्थेच्या ॲल्युम्नाय ऑफिसात काढली. माजी विद्यार्थ्यांशी संबंध ठेवायचे आणि कॉलेजच्या कामांसाठी त्यांच्याकडून मदत मिळवायची, हे त्या ऑफिसचं काम. निवृत्तीनंतर मी इतर कॉलेजांच्या स्टाफला ट्रेनिंग देते. माझ्याच गावातून बोलावणं आलं, म्हणून हौसेनं गेले होते. पहिल्याच सकाळी चादर पांघरून बसायची वेळ आली.

"तुम्ही मला काही विचारलंच नाही," मी म्हणाले.

"सत्कारात विचारायचं काय असतं?" महादेवीनं अगदी मनापासून विचारलं.

मग हळूहळू कळत गेलं. हे दोघं सांभाळत असलेल्या माजी विद्यार्थी कक्षाचं वर्षभराचं काम म्हणजे सत्कार. कुणी माजी विद्यार्थी मोठ्या पदावर गेला, सत्कार. कुणी गावी सुट्टीला आला, सत्कार. कॉलेजचं नाव विणलेल्या चादरी गड्डम यांच्या मामांच्या मागावर तयार व्हायच्या आणि कपाटात थप्पी लावून ठेवलेल्या असायच्या. चादर, नारळ, फोटो. मग चहा आणि काढता पाय.

"आणि मागायचं कधी?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "सत्कार केला की ते समजून घेतात, असं साहेब म्हणतात," महादेवी म्हणाली.

साहेब म्हणजे संस्थेचे सचिव हत्तुरे. माणूस वाईट नाही, पण मान आणि मोठेपणा यावर सगळा जीव. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं होतं. "मॅडम, गड्डम पर्मनंट आहे, त्याला मी काही करू शकत नाही. ती बिराजदार मात्र कंत्राटी. कक्षातून काही येत नसेल तर दोन माणसं कशाला? या टर्मनंतर तिला ठेवायची की नाही, ते तुमच्या रिपोर्टवर."

मला ते अजिबात आवडलं नाही. मी शिकवायला आले होते, कुणाची नोकरी तोलायला नाही. तसं मी सांगितलंही, पण साहेबांनी नुसती मान डोलावली. महादेवीला हे ठाऊक होतं. दुपारी डबा खाताना तिनंच विषय काढला.

"मॅडम, माझं काय खरं न्हाई ना?" ती म्हणाली. कॉलेजात ती जपून बोलायची, पण मन उघडं केलं की गावाकडची बोली यायची. तिचं गाव मंद्रूपच्या पलीकडं, आत नदीकाठाला. आईशी फोनवर कानडी, आमच्याशी मराठी. मुलीच्या शाळेसाठी सोलापुरात खोली घेतलेली, आणि ती खोली या पगारावर चालायची. "नोकरी गेली की पोरगीला घेऊन परत गावाला. तिची शाळा हितंच थांबंल."

मी तिला खोटा धीर दिला नाही. "मागायला शिक," एवढंच म्हणाले.

पुढचे दिवस आम्ही तेच केलं. ज्याच्याकडून मदत मिळू शकते अशा माणसाला आमच्या धंद्यात प्रॉस्पेक्ट म्हणतात. त्याच्याकडे गेल्यावर आधी त्याचं ऐकायचं. कॉलेजात कुठं बसायचा, कोण सर आवडायचे, आता काय करतो. मग आपलं काम एका वाक्यात सांगायचं आणि नेमकं काय हवं ते तोंडानं मागायचं. या मागण्याला आम्ही आस्क म्हणतो. आस्क झाला की पुढची गोष्ट सगळ्यात अवघड : गप्प बसायचं. समोरचा विचार करत असतो. आपल्याला ती शांतता सोसत नाही आणि आपण घाईघाईनं म्हणतो, "तसं काही नाही हो, जमलं तर बघा." त्यानं बिचाऱ्यानं होकार द्यायला तोंड उघडलेलं असतं आणि आपणच त्याची सुटका करतो.

महादेवीची जीभ रेटायची नाही. रोल-प्लेमध्येसुद्धा मागायची वेळ आली की ती पदराशी चाळा करायची. "आमच्या घरात मागनं म्हंजे लई लाजंचं, मॅडम," ती म्हणायची.

"स्वतःसाठी मागते आहेस का? मग कशासाठी मागायचं ते तूच ठरव."

हा प्रश्न तिला लागू पडला. दुसऱ्या दिवशी ती ठरवूनच आली. आतल्या गावांतल्या मुली सायन्सला प्रवेश घेतात. प्रॅक्टिकल संध्याकाळी सुटतं तोवर त्यांच्या गावाची शेवटची एसटी गेलेली असते. मग मुली प्रॅक्टिकल बुडवतात, नाहीतर आर्ट्सला जातात. त्यांना पोचवायला कॉलेजची एक गाडी हवी. चांगला आस्क होता. ऐकणाऱ्याला डोळ्यांसमोर दिसेल असा.

शेवटच्या दिवशी खरी भेट ठेवली. प्रॉस्पेक्ट होते सांगोल्याचे मायाप्पा गडदे, तिकडे सगळे त्यांना आबा म्हणतात. याच कॉलेजातून बीएस्सी झालेले. आता डाळिंबाच्या बागा, फळं प्रतवारी करून बाहेरदेशी पाठवायचं पॅकहाऊस, आणि वडिलांपासून चालत आलेली मेंढरं. कॉलेजनं त्यांचा अनेकदा सत्कार केलेला. हाती काही लागलं नव्हतं. "कोरडा माणूस आहे," हत्तुरे साहेब म्हणाले. साहेब आमच्याबरोबर यायला निघाले होते, आणि गाडीत चादरींची पिशवी नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला.

"रिकाम्या हातानं जायचं? संस्थेची काही इज्जत?"

"आज आपण मागायला चाललो आहोत, साहेब. द्यायला नाही."

सांगोल्यात पोचलो तर आबा मेंढरांच्या वाड्याशीच उभे होते. नुकतंच जन्मलेलं एक कोकरू गारठ्यानं थरथरत होतं, आणि त्याच्या अंगावर चादर गुंडाळलेली होती. चादरीच्या काठाला आमच्या कॉलेजचं नाव. साहेबांनी ते वाचलं. मीही वाचलं. गड्डम यांनी फोटो काढायला वर केलेला मोबाईल गुपचूप खिशात घातला.

"लई ऊबदार हाय चादर तुमची," आबा अगदी सरळपणे म्हणाले. "दरसाली पिल्लांना कामाला येती."

मला हसू दाबता येईना. साहेब मात्र तरातरा पुढे चालू लागले. महादेवी कोकराजवळ वाकली, त्याच्या अंगावरून हात फिरवला आणि आबांना मेंढरांबद्दल विचारू लागली. तिच्या आजोळी शेरडं होती. बोलता बोलता आम्ही बाग पाहिली. आबांनी कॉलेजची आठवण सांगितली. वर्गात मागच्या बाकावर बसायचे, कारण पुढं बसलं की अंगाला मेंढरांचा वास येतो म्हणून पोरं नाक मुरडायची. 

मग पॅकहाऊसमध्ये गेलो. आत खुर्च्या मांडल्या होत्या. टेबलावर नारळ, गुलाल आणि घोंगड्यांच्या घड्या. आबांची माणसं रांगेत उभी. पाहुणे आले की सत्कार, हा रिवाज काही एकट्या आमच्या कॉलेजचा नव्हता.

साहेबांची कळी खुलली. त्यांच्या खांद्यावर काळंभोर घोंगडं आलं. मग माझ्या. टाळ्या वाजल्या. आता आपल्याकडे सत्कार म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत आहे. सत्कारानंतर आभार, आभारानंतर चहा, आणि चहानंतर गाडी. टाळ्या ऐकून बाहेर आमच्या ड्रायव्हरनं गाडी सुरू केलीसुद्धा. मी काही बोलावं तर आस्क माझा होईल, आणि रिपोर्टमध्ये महादेवीच्या नावावर काय लिहायचं? मी तिच्याकडे पाहिलं.

आबा तिसरं घोंगडं घेऊन तिच्यासमोर आले होते. तिनं दोन्ही हात जोडले आणि ती एक पाऊल मागं सरकली.

"आबा, जरा थांबा. घोंगडं आत्ता नगं."

 साहेबांनी डोळे वटारले. सत्कार नाकारणं म्हणजे तोंडावर अपमान, हे तिला काय कळत नव्हतं? 

"काय चुकलं का, ताई?" आबांनी विचारलं.

"तुमचं काय बी न्हाई चुकलं. पन सत्कार झाला की आमाला उठावं लागतं. आनि मी मागायला आलीये. ते राहून जाईल."

"काय पायजे?"

"गाडी पायजे, आबा." आणि तिनं सगळं सांगितलं. मुली, प्रॅक्टिकल, एसटी. आणि शेवटी, मला कधीच न सांगितलेली एक गोष्ट. "मी बी सायन्सलाच होते. गाडी चुकली की श्टँडवर बसून ऱ्हायची. शेवटी वडलांनी आर्ट्सला घातलं. आमच्यागत अजून पोरी हायत. तुमी एक गाडी घेऊन द्या."

आणि ती गप्प बसली.

आबा खाली बघत होते. त्यांच्या हातात घोंगडं तसंच. त्या शांततेत साहेबांचे ओठ हलले. "तसं काही घाई..." एवढं बाहेर पडलं, आणि मी समोरची डाळिंबाच्या दाण्यांची ताटली त्यांच्या हातात ठेवली. "खा साहेब, गोड आहेत." साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की पुन्हा या कॉलेजात मला कुणी बोलावणार नाही याची खात्री पटली.

"कॉलेजातनं आजवर लई जण आले," शेवटी आबा म्हणाले. "चादर घालून गेले. काय पायजे ते एकानं बी सांगितलं न्हाई. मला वाटलं, ह्यांना माझ्यासंगं फोटोच पायजे असंल." मग महादेवीकडे बघून, "सांगोल्याच्या पोरींचं काय?"

"त्या होस्टेलला ऱ्हात्यात. ह्या रोज येत्यात," ती म्हणाली. उगाच त्यांना बरं वाटावं म्हणून तिनं काही जोडलं नाही.

"बरं. मी येऊन बघतो. मग सांगतो. आता घेता का घोंगडं?"

"आता घेते की," महादेवी म्हणाली, आणि तिनं वाकून मान पुढे केली. माझे डोळे भरून आले. एवढ्या वर्षांत इतका स्वच्छ आस्क मी पाहिलेला नव्हता, आणि तो मी शिकवलेलाही नव्हता.

परतीच्या वाटेवर साहेब भडकले. "बघतो म्हणाला, म्हणजे नाही म्हणाला. आणि वर अपमान करून आलो. सत्कार थांबवतात का कुठं? मॅडम, रिपोर्ट लवकर द्या." महादेवी मागच्या सीटवर घोंगडं मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत बसली. तिला नोकरी गेल्यातच जमा वाटत होती. मलाही तसंच वाटलं. तरी रिपोर्टमध्ये मी स्पष्ट लिहिलं : या कक्षात मागू शकणारी व्यक्ती एकच आहे, तिला घालवू नये.

आबा खरंच आले. कुणाला न कळवता, एका संध्याकाळी. प्रॅक्टिकल सुटताना लॅबबाहेर उभे राहिले, मुलींच्या मागोमाग एसटी स्टँडवर गेले, आणि शेवटची गाडी निघून गेलेली त्यांनी स्वतः पाहिली. मग महादेवीला फोन केला. गाडी त्यांनी घेऊन दिली. डिझेल आणि ड्रायव्हरचा खर्च कॉलेजनं सांभाळायचा ही अट घातली. साहेब कुरकुरले, पण कबूल झाले. गाडीच्या पहिल्या फेरीला सत्कार करायचा नाही, हेही आबांनी बजावलं होतं.

टर्म संपता संपता मला हत्तुरे साहेबांचा फोन आला.

"मॅडम, त्या बिराजदारला तुम्ही काय शिकवून गेलात?"

"का? काय झालं?"

"तिचं कंत्राट मी वाढवत होतो. आणखी एक टर्म. चांगलं बोलावून अभिनंदन करायला गेलो, तर म्हणते, साहेब, अभिनंदन नंतर करा. मला पर्मनंट करा. आणि एवढं बोलून समोर बसून राहिली. गप्प. एक शब्द नाही! माणसानं करायचं काय?"

"मग तुम्ही काय केलं?"

पलीकडे बराच वेळ आवाज आला नाही. मीही काही बोलले नाही.

"संस्थेच्या मीटिंगमध्ये ठेवलं तिचं नाव," साहेब अखेर म्हणाले. "मंजूर झालं."

तेव्हापासून मी ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगते. स्टाफला मागायला शिकवायचं असेल तर त्यांच्या साहेबांनी आधी तयारीत राहावं. पहिला प्रॉस्पेक्ट तेच असतात.