तेरा तारखेचं पॅकेट

आक्का घरात औषधाच्या बाटलीपासून साखरेच्या डब्यापर्यंत सगळ्यावर तारखेची चिठ्ठी लावते. "एक दिवस माझ्यावरही लावशील," असं नवरा म्हणतो. "तुमची मुदत कुठे छापलीय ते सापडलं की लावते," हे तिचं उत्तर.

आमची कंपनी लिफ्ट चालवणारं सॉफ्टवेअर बनवते. ते जुळवून पॅकेटात भरायचं काम मशीन आपोआप करतं. त्यासाठीच्या सूचनांची फाइल आक्का सांभाळते. त्या फाइलीत पॅकेटच्या नावातली तारीख आकड्यांत लिहिलेली नसते, फक्त तिची जागा राखलेली असते. मशीन ती त्या-त्या दिवशी भरतं. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे पॅकेटं क्रमाने लागतात.

नियम एकच, तपासलेलंच पॅकेट बाहेर जायचं. गेल्या महिन्यात तपासलेल्या पॅकेटवर बारा तारीख होती आणि ग्राहकाकडे गेलेल्यावर तेरा. आक्काने न तपासलेला माल पाठवला, अशी मॅनेजरने लेखी तक्रार केली. अंतर्गत तपासनीस म्हणून चौकशी माझ्याकडे आली. तक्रार खरी ठरली असती तर तिची नोकरी गेली असती.

मला ती खरीच वाटत होती. चौतीस वर्षांत कुंपणाने शेत खाल्लेलं मी बरंच पाहिलं आहे.

"काका, आतला माल तोच आहे," ती म्हणाली. "माल पाठवायची मंजुरी बाराला मिळाली नाही, तेराला सकाळी मिळाली. शेवटच्या पायरीने तारीख पुन्हा विचारली, मशीनने तेरा सांगितली."

"असं तुम्ही म्हणता."

"म्हणून तर कीबोर्डला हात लावत नाही. नाहीतर उद्या म्हणाल, माझ्यादेखत फेरफार केला."

ती खुर्ची मागे ओढून बसली. निर्दोष माणूस इतका जपून वागत नाही, असं माझ्या मनात आलं.

दुसऱ्या विभागातल्या इंजिनिअरला बोलावून मी दोन्ही पॅकेटं उघडून अक्षर न् अक्षर ताडून घेतली. फरक फक्त वरच्या नावात होता. मग शेवटची पायरी तारीख पुन्हा का विचारते, ते पाहिलं. आक्काच्या मूळ फाइलीत तारीख सुरुवातीला एकदाच विचारली जाई आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या तीच वापरत. शेवटची ओळ नंतर कोणी बदलली, याचीही तिथेच नोंद होती. नाव मॅनेजरचं होतं.

"ग्राहकाला ताजी तारीख दिसावी म्हणून बदललं होतं. विसरलो," तो म्हणाला.

"तक्रार लिहितानाही?"

"कामाची गडबड हो."

हे मला अजून पचलेलं नाही, आणि अहवालात तसं लिहिलं आहे. आक्काला निर्दोष ठरवून मी खाली सही केली, तारीख घातली. तिने कागद दोनदा वाचला.

"वेळ?"

"तारीख पुरे की."

"नुसत्या तारखेने काय झालं, बघितलंत ना."

मी मनगटाकडे पाहिलं. ती भिंतीकडे पाहत होती. दोन्ही घड्याळांत चार मिनिटांचा फरक होता.

"कुठल्या घड्याळाची लिहिताय, तेही लिहा."

मी लिहिलं. तिने कागदाची एक प्रत काढून पर्समध्ये ठेवली आणि मगच खुर्ची पुढे ओढली.