अण्णांच्या फवाऱ्याची नळी

सकाळचा चहा गाळत होते, तेव्हा सलीमचा फोन आला. "ताई, दिनू गेला आपला..." माझा धाकटा भाऊ दिनकर, मुलांनो, तुमचा मामाआजोबा, झोपेतच गेला होता. सलीम त्याच्या बँडमध्ये ड्रम वाजवतो, कॉलेजपासूनचा दोस्त. मग तो हळूच म्हणाला, "शनिवारी लातूरला प्रोग्राम हाय, ताई. नको म्हणून कळवू का?" मी चहा तसाच ठेवला आणि पिशवी भरायला घेतली.

तुम्ही दोघांनी मागे विचारलं होतं, की मामाआजोबा नेमकं वाजवायचा काय? आता क्रमाने सांगते. मी नांदेडला इंग्रजी घेऊन एम. ए. करत होते, तेव्हा दिनूला मुदखेड स्टेशनवर एका इंजिन ड्रायव्हरने एक कॅसेट दिली. अमेरिकेतल्या काळ्या शेतमजुरांचं संगीत होतं ते, ब्लूज. दिनूला इंग्रजी जेमतेम यायचं. मी एकेक ओळ ऐकून त्याला अर्थ सांगत होते, आणि मध्येच तो म्हणाला, "थांब ताई. हे लोकं कापूस वेचून राहिले ना? मग हे गाणं आपल्या बोलीत का न्हाई होणार?" त्याने आणि सलीमने बँड काढला. नाव ठेवलं मुदखेड जंक्शन. गाणी सगळी आमच्या वावरातली, बोली घरातली.

त्या कॅसेटमध्ये गिटारची तार माणसासारखी कण्हायची. बोटात धातूची नळी घालून ती तारेवर सरकवतात, हे ड्रायव्हरनेच सांगितलं. दिनूने सगळीकडे नळी शोधली. मनासारखी सापडली ती आमच्याच गोठ्यात, अण्णांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, फवारणीच्या पंपाला! मुदखेडच्या वर्कशॉपमध्ये जाऊन त्याने ती पितळी नळी पुढून बोटभर कापून आणली आणि टोक पुन्हा जोडून ठेवलं. त्याला वाटलं, एवढ्याने कुणाला काय कळतंय. अण्णांना फवारणीच्या पहिल्याच ओळीत कळलं. उंच माणूस, कापसाला औषध मारायला आता वाकावं लागत होतं. पण तोवर चिरंजीव गिटार घेऊन देगलूरला पोचले होते. अण्णाही मागोमाग बसने निघाले, नळी काढून आणायला.

देगलूरच्या कॉलेजचं गॅदरिंग होतं. मी मैत्रिणींबरोबर पहिल्या रांगेत बसले होते. पोरं सिनेमाच्या गाण्यांसाठी ओरडत होती, "उतरा खाली! नाचायचं वाजवा!" दिनूचा चेहरा पडला होता. हा कार्यक्रम फसला असता तर बँड तिथेच संपला असता, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. तेवढ्यात त्याला दारात अण्णा दिसले, धोतर सावरत उभे, कपाळावर आठ्या. मला वाटलं, आता हा मागच्या दाराने पळतो. तर त्याने स्टेजवरून सरळ खाली उडी मारली! गिटारची लांब वायर फरफटत तो खुर्च्यांमधून अण्णांच्या पुढ्यात गेला आणि तिथेच उभा राहून गायला लागला :

वाकलं की दुखतंय, उठलं की दुखतंय,
वाकलं की दुखतंय, उठलं की दुखतंय,
बाप म्हणतो, पीक बघ, पाठ काय बघतंय!

तार कण्हली आणि सगळा हॉल गप्प झाला. मग सलीमने जो ठेका धरला, तो मुलं खुर्च्यांवर चढेपर्यंत सोडला नाही. शेजारच्या कुणीतरी अण्णांना विचारलं, "काका, कोन हाय हो हे पोरगं?" अण्णा म्हणाले, "पोराचं सोडा. ती माझ्या फवाऱ्याची नळी वाजून राहिली."

नळी न घेताच ते घरी परतले. त्यानंतर नांदेड, लातूर, धर्माबाद... जिथे जिथे मुदखेड जंक्शन वाजलं, तिथे दिनू स्टेजवरून लोकांत उतरलाच. साठी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी उडी चुकली नाही. म्हाताऱ्या बायकांच्या रांगेत शिरून तो त्यांना गायला लावायचा. आणि सुरुवात नेहमी एकच : माइकच्या दांड्यावर नळी दोनदा वाजवायची, टण टण, की सलीमचा ठेका सुरू.

आता लातूर. भावकीतले म्हणाले, सुतकात वाजवायचं म्हणजे काय? दिनूची मुलगी शुभा बँडमध्ये गाते, गिटारही वाजवते, पण नळीला तिने कधी हात लावला नव्हता. ती म्हणाली, "आत्या, मला न्हाई जमणार. लोकं बाबाला बघायला येतात." शेवटी तिची आई, मालती, भिंतीला टेकून बसली होती, तिथूनच बोलली. "जा गं. घरात एवढी शांतता तुझ्या बाबाला कधी चालली होती?" शुभाने उठून गिटारच्या पेटीतून नळी काढली.

लातूरला मी पहिल्या रांगेत बसले. नळी शुभाच्या बोटात ढिली पडत होती, म्हणून तिने आतून चिंधी गुंडाळली होती. दांड्यावर टण टण झालं. सलीमने डोळे पुसले आणि काठ्या उचलल्या. पहिलं गाणं अडखळलं. दुसऱ्यात तार कण्हली, अगदी तशीच... आणि शुभाने ओढणी कमरेला खोचून खाली उडी मारली. सगळं लातूर उभं राहिलं. मीसुद्धा, काठी बाजूला ठेवून.

अण्णांचा पंप अजून गावी गोठ्यात खुंटीला आहे. धर्माबादच्या बाजारात तशा नळ्या हव्या तितक्या मिळायच्या, पण अण्णांनी नवी कधीच बसवली नाही. शेवटपर्यंत वाकून फवारणी केली. कुणी विचारलंच तर सांगायचे, "तिचा तुकडा प्रोग्रामला गेलाय." तुम्ही याल तेव्हा दाखवीन. आणि तुकडा कुठे आहे म्हणून विचारलंत, तर मीही तेच सांगणार आहे.